थायरॉईडचा अहवाल वाचताना : गोळी केव्हा द्यावी, केव्हा वाट पाहावी

चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की पारनेर तालुक्यात मुंबईकर मंडळी परततात. पूर्वी ही मंडळी आमच्या चिकित्सालयात येत ती कंबरदुखीची वा अम्लपित्ताची तक्रार घेऊन. आता हातात पिशवी असते आणि पिशवीत 'संपूर्ण शरीर तपासणी'चा आठ-दहा पानी अहवाल. त्यातील एखादा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो, शेजारी वर जाणारा बाण. पुष्कळदा तो टी.एस.एच.चा असतो. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या वार्षिक तपासण्या, गावोगावची शिबिरे यांतूनही असेच कागद येतात. प्रश्नही ठरलेला : "डॉक्टरसाहेब, थायरॉईड निघालाय म्हणतात. आता जन्माची गोळी का?"

या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्या व्यवसायात दोन टोकाच्या चुका होताना आम्ही पाहतो. पहिली, आकड्याशेजारचा बाण पाहून लगेच गोळी सुरू करणे. दुसरी, खरोखर गोळीची गरज असलेल्या रुग्णास 'आयुर्वेदाने गोळी सुटेल' असे सांगून ती बंद करू देणे. पहिल्या चुकीने पैसा, तपासण्या आणि मनाची शांती जाते, वृद्धांत त्याहून अधिक. दुसरीने प्राणावरही बेतू शकते. ही दुसरी चूक आमच्याकडून एकदा घडली आहे, आणि प्रस्तुत लेखाचे मूळ तिथेच आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. चाळिशीच्या एक शेतकरी भगिनी मलावष्टंभ आणि अंगदुखीसाठी आल्या. तीन वर्षांपासून थायरॉक्सिन १०० मायक्रोग्रॅमची गोळी सकाळी चालू होती. "ही गोळी सुटंल का?" असे त्यांनी विचारले, आणि आम्ही "बघू" म्हणालो. एवढेच. त्या 'बघू'चा अर्थ त्यांनी 'सोडा' असा घेतला. पहिले तीन आठवडे त्यांना छान वाटले. तेवढ्यात आमच्या आरोग्यवर्धिनी व कांचनार गुग्गुळाचेही कौतुक झाले, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ते ऐकून बरे वाटले. अकराव्या आठवड्यात घरच्यांनी त्यांना रिक्षातून आणले तेव्हा चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, नाडी मिनिटाला पन्नासच्या आसपास आणि प्रश्न विचारला की उत्तर यायला वेळ लागत होता. टी.एस.एच. शंभराच्या पुढे. गोळी पुन्हा सुरू झाली, दोन-अडीच महिन्यांत त्या पूर्ववत झाल्या. पण थंडीचे दिवस असते, सोबत एखादा न्यूमोनिया झाला असता, तर त्या शुद्धीवर राहिल्या असत्या की नाही हे सांगता येत नाही.

पहिले तीन आठवडे त्यांना बरे का वाटले, याचे उत्तर सोपे आहे. थायरॉक्सिनचा शरीरातील अर्धायुकाल सुमारे सात दिवसांचा असतो. गोळी थांबवली तरी साठा हळूहळू ओसरतो, आणि रुग्णाला व वैद्याला दोघांनाही वाटते की नवे औषध लागू पडले. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर टी.एस.एच.ची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करावी असे सांगतात ते याच कारणाने. पंधरा दिवसांत केलेली तपासणी काहीच निश्चित सांगत नाही.

आता मूळ आकड्याकडे वळू. टी.एस.एच. हे अवटुग्रंथीचे संप्रेरक नव्हे. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून येते आणि अवटुग्रंथीला कामाला लावते. रुग्णांना आम्ही नांगराचा दाखला देतो. बैल चांगला चालत असेल तर हाकणाऱ्याला आवाज करावा लागत नाही. बैल थकला की हाकणाऱ्याचा आवाज चढतो. टी.एस.एच. म्हणजे हाकणाऱ्याचा आवाज, टी-४ म्हणजे बैलाची चाल. केवळ आवाज ऐकून बैल किती थकला आहे हे सांगता येत नाही, कारण काही हाकणारे थोड्याशा ढिलाईनेही ओरडतात. पीयूष ग्रंथी तशीच आहे. रक्तातील मुक्त टी-४ निम्म्यावर आले तर टी.एस.एच. दुपटीने नव्हे, शंभर पटींपर्यंत वाढू शकते. म्हणून साडेचारचे साडेसहा होणे आणि दहाचे साठ होणे या दोन वाढी एकाच मापाने मोजू नयेत.

टी.एस.एच. वाढलेले आणि मुक्त टी-४ कमी, हा उघड अवटुन्यूनतेचा रुग्ण. येथे वादाला जागा नाही; थायरॉक्सिन द्यावे लागते. टी.एस.एच. वाढलेले पण मुक्त टी-४ मर्यादेत, याला आधुनिक शास्त्रात 'सबक्लिनिकल' म्हणतात. आपण प्रच्छन्न अवटुन्यूनता म्हणू. पारनेरला येणाऱ्या ठळक अक्षरांच्या अहवालांपैकी बहुतेक याच वर्गातले. भारतातील आठ शहरांत, त्यात मुंबई आणि गोवाही होते, पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ११ टक्के लोकांत अवटुन्यूनता आणि सुमारे ८ टक्के लोकांत ही प्रच्छन्न अवस्था आढळली. म्हणजे शिबिरात शंभर माणसे तपासली की सात-आठ बाण निघणारच. शिबिर भरवणाऱ्यांनी आणि त्यानंतर गोळ्या लिहिणाऱ्यांनी हे गणित आधी मांडावे.

या प्रच्छन्न अवस्थेत घाई न करण्याची कारणे आहेत. पहिले म्हणजे आकडा स्वतःच हलता आहे. टी.एस.एच. रात्री उशिरा सर्वांत जास्त आणि दुपारी सर्वांत कमी असते. सकाळी सातला उपाशीपोटी काढलेले रक्त आणि दुपारी जेवणानंतर काढलेले रक्त यांत फरक पडतो. एखाद्या मोठ्या आजारातून उठताना ते काही आठवडे वाढलेले राहू शकते; टायफॉईड किंवा डेंग्यूतून नुकत्याच बऱ्या झालेल्या रुग्णाची थायरॉईड तपासणी, तातडीचे कारण नसेल तर, पुढे ढकलावी. लिथियम व अमिओडॅरोन ही औषधेही आकडा बदलतात. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या तर काही यंत्रांना चक्क फसवतात : टी.एस.एच. खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसते, आणि निरोगी बाईला अवटुग्रंथीचा अतिरेक झाल्याचा समज होतो. मात्रा मोठी असेल तर तपासणीपूर्वी निदान दोन दिवस ती गोळी बंद ठेवावी. औषधी दुकानदार बंधूंनी केसांच्या गोळ्या विकताना एवढे एक वाक्य सांगितले तरी पुष्कळ गोंधळ टळेल.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. इस्रायलमधील एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या नोंदींवरून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांचे टी.एस.एच. साडेपाच ते दहाच्या दरम्यान होते आणि ज्यांना काहीही उपचार दिला नव्हता, अशांपैकी ६२ टक्क्यांचा आकडा पाच वर्षांच्या काळात पुढील तपासणीत आपोआप मर्यादेत आला. ६२ टक्के! हा आकडा आपण वैद्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. आपल्या व्यवसायाच्या नियतकालिकांतून 'टी.एस.एच. ७ होते, अमुक कल्प तीन महिने दिला, ४ झाले' अशी यशोवृत्ते वरचेवर छापून येतात. आम्हीही एक पाठवले होते. त्यातील किती यश कल्पाचे आणि किती निसर्गाचे, हे एकेका रुग्णावरून सांगता येणे अशक्य आहे.

मग हे सारे रुग्ण सोडून द्यायचे का? तसेही नव्हे. इंग्लंडमधील विकहॅम गावच्या लोकांचा वीस वर्षे पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष १९९५ साली आले. ज्या स्त्रियांचे टी.एस.एच. वाढलेले होते आणि रक्तात अवटुग्रंथीविरोधी प्रतिपिंडेही होती, त्यांच्यापैकी दरवर्षी सुमारे ४.३ टक्के उघड अवटुन्यूनतेकडे गेल्या, केवळ टी.एस.एच. वाढलेले होते त्यांच्यात हे प्रमाण २.६ टक्के होते. म्हणून पहिला बाण दिसला की गोळी नव्हे, दुसरी तपासणी लिहावी : दोन ते तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळेला, टी.एस.एच.सोबत मुक्त टी-४ आणि एकदा अँटी-टी.पी.ओ. प्रतिपिंडे. संपूर्ण 'थायरॉईड प्रोफाइल' दर खेपेला करण्याचे कारण नाही; टी-३ या प्रश्नात फारशी भर घालत नाही.

दुसऱ्या तपासणीतही टी.एस.एच. दहाच्या वर असेल तर, मुक्त टी-४ मर्यादेत असले तरी, बहुतेक तज्ज्ञ सत्तरीच्या आतील रुग्णास गोळी सुचवतात, आणि आम्हीही तसेच सांगतो. चार ते दहाच्या मधल्या पट्ट्यात मात्र मतभेद आहेत. २०१७ साली युरोपातील चार देशांत पासष्टीपुढील ७३७ रुग्णांवर झालेल्या 'ट्रस्ट' नावाच्या चाचणीत निम्म्यांना थायरॉक्सिन व निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. एका वर्षानंतर थकवा आणि अवटुग्रंथीची इतर लक्षणे यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. त्यानंतर २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या तज्ज्ञमंडळाने प्रौढांच्या प्रच्छन्न अवस्थेत गोळी देऊ नये अशी ठाम शिफारस केली. गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या स्त्रिया, टी.एस.एच. वीसच्या वर असलेले रुग्ण, तीव्र लक्षणे असलेले आणि तिशीपर्यंतचे तरुण यांना मात्र त्यांनी वगळले. अनेक अवटुतज्ज्ञांना ही शिफारस अति वाटते. आम्हाला ती पन्नाशीपुढील रुग्णांबाबत पटते, तरुणांबाबत थोडी सैल ठेवावीशी वाटते.

वृद्धांविषयी तर आम्ही हट्टी आहोत. ऐंशी वर्षांपुढील निरोगी माणसांत टी.एस.एच. साडेसातपर्यंत असणे अमेरिकेतील पाहणीत नेहमीचे आढळले आहे. नेदरलँड्समधील लायडन शहरातील पंच्याऐंशी वर्षांच्या वृद्धांच्या पाहणीत तर टी.एस.एच. जास्त असलेल्यांचे आयुष्य कमी नव्हे, काहीसे अधिक दिसले. उलट मात्रा अधिक होऊन टी.एस.एच. ०.१ च्या खाली गेले तर साठीपुढील माणसात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका दहा वर्षांत सुमारे तिप्पट होतो, हे फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासातून १९९४ सालीच समजले आहे, अस्थिक्षय वेगळाच. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांना ६.८ च्या आकड्यासाठी पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी लिहून दिलेली चिठ्ठी आम्ही पाहिली आहे. त्यांचा थकवा हिमोग्लोबिन आठ असल्यामुळे होता.

येथे लक्षणांविषयी थोडे. थकवा, वजनवाढ, मलावष्टंभ, केस गळणे, उत्साह नसणे ही लक्षणे अवटुन्यूनतेची आहेत, तशीच ती पांडुरोगाची, अपुऱ्या झोपेची, रजोनिवृत्तीची आणि दुष्काळी वर्षात कर्ज डोक्यावर असलेल्या घराचीही आहेत. चार किलोमीटरवरून पाणी आणणारी बाई थकते. म्हणून नाडी, जिव्हा, नख-नेत्र आणि कंठप्रदेश प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय या लक्षणांना आकड्याशी जोडू नये. त्वचेचा रूक्ष थंडपणा, आवाजातील बदल, मंद नाडी, पापण्यांची सूज ही चिन्हे अधिक बोलकी असतात.

गोळीचा प्रश्न प्रच्छन्न अवस्थेपुरता असा सावकाशीने सोडवता येतो. काही रुग्णांत सावकाशीला जागाच नाही.

गर्भिणी हा त्यातला पहिला विषय. गर्भाची स्वतःची अवटुग्रंथी साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत पुरेसे संप्रेरक बनवू शकत नाही. तोवर त्याच्या मेंदूची वाढ मातेच्या टी-४ वर अवलंबून असते. एकेकाळी पहिल्या तिमाहीत अडीचच्या वरचे टी.एस.एच. म्हणजे दोष असे मानत. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०१७ साली, स्थानिक मर्यादा उपलब्ध नसेल तर, साधारण ४ ही वरची मर्यादा धरली. दहाच्या वर गोळी द्यावीच. चार ते दहामध्ये प्रतिपिंडे असतील तर ती द्यावी असे त्यांचे मत आहे. आधीपासून गोळीवर असलेल्या स्त्रीची पाळी चुकली तर मात्रा सुमारे पाव भागाने वाढवावी लागते, म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, आणि लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. गर्भिणीला आपण 'गरम औषध नको' म्हणून गोळी थांबवायला सांगितली, तर ते मूल पुढे शाळेत मागे पडू शकते. पहिल्या तिमाहीत टी.एस.एच. थोडे खाली जाणे मात्र स्वाभाविक असते. त्याला अतिरेक समजू नये.

दुसरा विषय नवजात बालकाचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या बहुकेंद्री पाहणीत साधारण ११३० जन्मांमागे एक बालक जन्मजात अवटुन्यूनतेचे आढळले. जन्मतः ते निरोगीच दिसते. कावीळ लांबते, बाळ फार झोपते, दूध ओढत नाही, शौचास कडक होते, नाभी फुगलेली दिसते. 'शांत बाळ आहे' असे घरचे कौतुकाने सांगतात. गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर बुद्धी वाचते. सहा महिन्यांनी सुरू केली तर गेलेले परत येत नाही. प्रसूतीनंतर परिचर्येसाठी, अभ्यंगासाठी बाळ-बाळंतीण आपल्याकडेच येतात. तिसऱ्या दिवसानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताची तपासणी झाली का, एवढे विचारणे आपले काम आहे.

तिसरा विषय फसवा आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. प्रसूतीत अतिरक्तस्राव झालेली स्त्री. दूध आलेच नाही, पाळी पुन्हा सुरू झाली नाही, काखेतील केस गेले, वर्षानुवर्षे गळून गेल्यासारखे वाटते. तिचे टी.एस.एच. ३ येते, अहवालावर बाण नसतो, आणि सगळे म्हणतात थायरॉईड उत्तम. येथे हाकणाराच आजारी आहे : रक्तस्रावात पीयूष ग्रंथीला इजा झाली आहे. याला शीहान यांचे नाव दिलेले आहे. मुक्त टी-४ केले तरच रोग उघड होतो. आणि येथे थायरॉक्सिन आधी सुरू करणे धोक्याचे ठरते, कारण सोबत अधिवृक्क ग्रंथीचेही बळ गेलेले असते. कॉर्टिसॉलची पूर्ती न करता थायरॉक्सिन दिले तर रुग्ण कोसळू शकतो. घरी झालेल्या प्रसूतींच्या पिढीतील स्त्रिया आपल्या तालुक्यात अजून आहेत. ही चौकशी विसरू नये.

टी.एस.एच. ०.१ च्या खाली असेल, नाडी वेगवान, वजन घटते आहे, हात कापतात, तर तो विषय वेगळ्या लेखाचा. तेथे तज्ज्ञांकडे पाठवावे. ग्रंथीदाह आणि ग्रेव्हचा रोग यांतील भेद केल्याशिवाय कार्बिमॅझोल सुरू करणे चूक आहे.

आता आपल्या संहितांकडे. गलगंडाचे वर्णन चरकांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात आणि सुश्रुतांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात केले आहे. सुश्रुतांनी वातज, कफज, मेदोज असे तीन प्रकार सांगितले आणि वर्ष उलटलेला, श्वासाला कष्ट होणारा, स्वर फुटलेला रुग्ण वर्ज्य मानला. श्वासमार्गावर दाब आणि स्वरभेद ही चिन्हे आजही शल्यचिकित्सकाकडे त्वरित पाठवण्याची आहेत, यात आम्हाला त्यांच्या निरीक्षणाचे मोठेपण दिसते. परंतु गलगंड म्हणजे गळ्याची दिसणारी वाढ. आजच्या रुग्णांतील बहुसंख्यांना गळ्यावर काहीच दिसत नाही. कांचनार गुग्गुळ शार्ङ्गधरसंहितेतील. तेथे त्याचा अधिकार गंडमाळा, अपची, अर्बुद, ग्रंथी यांवर आहे. टी.एस.एच. कमी करण्यासाठी तो सांगितलेला नाही, हे आपणच विसरून गेलो आहोत. धात्वग्निमांद्य, मेदोदुष्टी, कफावरण या विचाराने लंघन-दीपन-पाचन, उद्वर्तन, व्यायाम यांची योजना करावी, त्याने रुग्णास हलके वाटते, शौच सुधारते, हा आमचा रोजचा अनुभव आहे. हे काम गोळीसोबत चालू शकते. गोळीऐवजी ते चालेल असे म्हणण्यास आधार नाही.

अश्वगंधेविषयी एक चाचणी आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रच्छन्न अवस्थेतील ५० रुग्णांना आठ आठवडे मूळाचा अर्क रोज ६०० मि.ग्रॅ. किंवा निष्क्रिय औषध दिले. अश्वगंधेच्या गटात टी.एस.एच. कमी झाले, टी-३ व टी-४ वाढले. आनंदाची गोष्ट आहे, पण रुग्ण पन्नास आणि काळ दोन महिन्यांचा. ती खरोखर संप्रेरक वाढवत असेल, तर टी-४ आधीच जास्त असलेल्या रुग्णास ती अपायकारक होणार हेही ओघाने आलेच; अश्वगंधा घेतल्यानंतर अवटुग्रंथीचा अतिरेक झाल्याचे रुग्णवृत्त परदेशांतून नोंदले गेले आहे. म्हणून 'बल्य' म्हणून ती देताना मागचा अहवाल पाहावा.

गंमत अशी की ज्या गोळीला आपण परकी मानतो तिचा जन्म आपल्या सामान्य-विशेष सिद्धांताच्या अगदी जवळचा आहे. १८९१ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटुग्रंथीचा अर्क सुजून थंड पडलेल्या एका स्त्रीला टोचला. ती सुधारली आणि अर्क घेत पुढे २८ वर्षे जगली. समानाने समानाची वृद्धी, दुसरे काय! आजची गोळी प्रयोगशाळेत बनते, पण ती शरीरातल्याच द्रव्याची प्रतिकृती आहे. तिच्याविषयीचा आपला दुरावा शास्त्राचा नाही, सवयीचा आहे. कोणी कोणते औषध लिहावे हा कायद्याचा वाद वेगळा. तो येथे काढत नाही.

औषधी दुकानदार बंधूंसाठी पुढचे. ही गोळी उपाशीपोटी, पाण्यासोबत, चहाच्या निदान अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. आपल्याकडे चहा झाल्याशिवाय सकाळ उजाडत नाही, आणि मात्रा वाढत-वाढत दीडशेवर गेलेल्या कित्येक रुग्णांत दोष चहाचा आणि बिस्किटाचा निघतो. उषःपान करणाऱ्यांना सोपे : त्याच पाण्यासोबत गोळी. जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी चालते. लोह आणि कॅल्शियम या गोळीला आतड्यात बांधून ठेवतात. चार तासांचे अंतर लागते. हे नियम ॲलोपॅथीच्या गोळ्यांना लावले जातात आणि आपले कल्प मोकळे सुटतात. नवायस लोह, मंडूर, पुनर्नवा मंडूर यांत लोह आहे. शंखभस्म, प्रवाळ, कपर्दिक, गोदंती यांत कॅल्शियम आहे. इसबगोलही शोषण कमी करते. प्रसूतीनंतर सकाळी एकाच वेळी थायरॉक्सिन, लोह आणि प्रवाळ घेणारी बाळंतीण आम्ही पाहिली आहे, आणि तिन्ही पुड्या एकाच दुकानातल्या होत्या. गोळ्यांची बाटली उष्णता, प्रकाश व ओलावा यांपासून जपावी. वैशाखात पत्र्याखालच्या दुकानात पुढच्या काचेत ती ठेवू नये, सुट्या गोळ्या कागदात बांधून देऊ नयेत, आणि रुग्णाला न सांगता कंपनी बदलू नये. २५ आणि १२५ यांची अदलाबदल झाल्याचेही ऐकले आहे. चिठ्ठीशिवाय मात्रा वाढवून मागणाऱ्यास, विशेषतः वजन घटवण्यासाठी मागणाऱ्यास, सरळ नाही म्हणावे.

शेवटी मीठ आणि बाजरी, कारण आहाराचा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. १९६२ साली देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९९२ साली त्याचे नाव आयोडीनन्यूनता विकार नियंत्रण असे झाले. आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवरील बंदी २००० साली उठवली गेली आणि २००६ साली पुन्हा लागू झाली. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे असा दंडक आहे. आपण मात्र रक्तदाब, सूज, त्वग्विकार, सर्वांना सहज 'सैंधव वापरा' सांगतो. सैंधवाचे गुण आम्हाला मान्य आहेत, पण बाजारातील साध्या सैंधवात पुरेसे आयोडीन नसते, आणि घरातील सारा स्वयंपाक त्यावर गेला तर त्या घरातील गर्भिणी आणि मुले त्यात सापडतात. औषधापुरते, त्या रुग्णापुरते सैंधव सांगावे; घराच्या डब्यात आयोडीनयुक्त मीठ राहू द्यावे. आयोडीन जास्त झाले तर थायरॉईड बरे होते असेही नाही. प्रतिपिंडे असलेल्या ग्रंथीत अति आयोडीनाने बिघाड वाढतो, म्हणून समुद्रशैवालाच्या गोळ्या देऊ नयेत.

बाजरीचे म्हणाल तर तक्रार निराधार नाही. सुदानच्या दारफूर भागात बाजरीवर जगणाऱ्या लोकांत गलगंड आढळला, आणि बाजरीतील काही फ्लेव्होन द्रव्ये अवटुग्रंथीच्या कामात अडथळा आणतात हे १९८९ साली प्रयोगांतून दिसले. पण तेथे आयोडीनही कमी होते. पारनेरकराला हिवाळ्यात बाजरीची भाकरी बंद करा असे सांगण्यासारखे त्यात काही नाही. मीठ आयोडीनचे असावे आणि रोजच्या ताटात ज्वारी-गहूही असावा. कोबीचेही तसेच, शिजवून खाल्ला तर भिण्याचे कारण नाही. गेल्या यात्रेला आलेल्या एका मुंबईकर भगिनीने टी.एस.एच. ५.९ आल्यावर बाजरी, कोबी, फुलकोबी, सोयाबीन, शेंगदाणे सारे सोडले होते आणि गोळी मात्र दोन महिने घेतली होती. आम्ही मुंबईतील त्यांच्या डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोललो, त्यांच्या संमतीने गोळी थांबली, आणि आठ आठवड्यांनी केलेल्या तपासणीत आकडा ४.६, मुक्त टी-४ मर्यादेत, प्रतिपिंडे नाहीत. पुढची तपासणी वर्षाने, पाळी चुकली तर त्याआधीच. भाकरी पुन्हा सुरू झाली आहे.